लॉस एंजेलिसचं सुशी घराणं

कच्चा मासा आणि गार भात! नुसत्या कल्पनेनंच आपल्याकडे नाकं मुरडली जातील. रोज बांगड्याचं तिखलं चापणारा मालवणी माणूसही म्हणेल, ‘अरे, निदान हळद-मीठ तरी लाव!’ पण यात ओशाळण्यासारखं काही नाही. साठ वर्षांपूर्वी अमेरिकन माणूसही अगदी हेच म्हणत होता. मासा म्हणजे पिठात घोळवून तळलेला, वर लिंबू पिळलेला, ही त्याची समजूत. आज त्याच अमेरिकेत किराणा-भाजीच्या मोठ्या दुकानात, दुधाच्या बाटल्यांशेजारी सुशीचे डबे मांडलेले असतात. शाळकरी पोरं डब्यात सुशी नेतात. हे घडलं कसं? त्याचं उत्तर एका शहरात सापडतं. ते शहर न्यूयॉर्क नव्हे, लॉस एंजेलिस. आणि गंमत अशी की, ही कथा जेवढी माशांची आहे तेवढीच गुरू-शिष्यांची आहे. गाण्यात जशी आपली घराणी, तशीच सुशीतही असतात.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. सुशी म्हणजे आंबट भात. तांदूळ, शिरका, साखर आणि मीठ यांचा तो मेळ. वर मासा येईल, अंड्याची वडी येईल, नाही तर काकडी येईल, भात आंबट असला की ती सुशी. जुन्या काळी जपानात मासा टिकवण्यासाठी मिठाबरोबर भातात दडपून महिनोन्‌महिने ठेवत. भात आंबायचा, मासा टिकायचा आणि भात फेकून द्यायचा! पुढे लोकांना तो आंबट भातच आवडू लागला, मग आंबवण्याची वाट कशाला पाहायची म्हणून शिरका घालायची युक्ती निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, भाताचा मुटका वळून त्यावर माशाचा काप दाबून द्यायची पद्धत रुजली. तिचं श्रेय हानाया योहेई नावाच्या दुकानदाराला देतात. उभ्या उभ्या, घाईत खायचा तो रस्त्यावरचा पदार्थ होता. आपल्या वडापावसारखाच म्हणा ना!

रस्त्यावरचा असला तरी तो बनवणाऱ्याची उमेदवारी मात्र साधी नव्हती. सोळा-सतरा वर्षांचा पोरगा दुकानात राहायला यायचा. पहिली काही वर्षं भांडी घासणं, जमीन पुसणं, घरोघर डबे पोचवणं. सुरीला हात लावायचा नाही. मग भात. तांदूळ धुणं, शिजवणं, लाकडी परातीत उपसून त्यावर शिरका शिंपडणं, सपाट उलथन्यानं तो कापल्यासारखा कालवणं. शीत मोडता कामा नये, पण मुटका तर धरला पाहिजे. एक जण कालवणार, दुसरा पंख्यानं वारा घालणार. वारा घालणं हेसुद्धा शिकावं लागतं. त्यानंतर मासे सोलणं, काटे काढणं आणि सगळ्यात शेवटी काउंटरमागे गिऱ्हाइकासमोर उभं राहणं. २०११ मध्ये आलेल्या ‘जिरो ड्रीम्स ऑफ सुशी’ या माहितीपटात टोकियोच्या जिरो ओनो यांचा एक शिष्य सांगतो, की अंड्याची वडी त्यानं दोनशेहून अधिक वेळा केली आणि प्रत्येक वेळी ती नापसंत झाली. अखेरीस एकदा गुरूनं मान हलवली तेव्हा त्याला रडू आवरलं नाही.

हे सगळं पार पडलं की गुरू शिष्याला स्वतःचं दुकान काढायची मुभा देतो, आणि लायक वाटला तर आपल्या दुकानाचं नावही वापरू देतो. जपानी दुकानांच्या दारात कापडाचा एक आखूड पडदा टांगलेला असतो, त्याला ‘नोरेन’ म्हणतात. दुकानाची अब्रू त्या पडद्यात. म्हणून शिष्याला नाव देण्याच्या या रीतीला ‘नोरेन-वाके’, म्हणजे पडद्याची वाटणी, असं नाव आहे. आपल्याकडे भावाभावांत वाटणी झाली की घर फुटतं. इथे वाटणी झाली की घर वाढतं!

लॉस एंजेलिसमध्ये हा पडदा पोचला तो मात्र सरळ वाटेनं नाही.

शहराच्या मध्यभागी फर्स्ट स्ट्रीटच्या आसपास ‘लिटल टोकियो’ नावाची वस्ती आहे. १८८० च्या दशकात एका माजी जपानी खलाशानं तिथे खानावळ काढली, तेव्हापासून ती वस्ती वाढत गेली. शेतमजूर, माळी, कोळी, धोबी अशी कष्टकरी माणसं. त्यांची देवळं, वर्तमानपत्रं, खानावळी सगळं तिथेच. पण डिसेंबर १९४१ मध्ये जपाननं पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले आणि या माणसांचं नशीब फिरलं. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढला आणि त्याच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरातून उठवून छावण्यांत नेण्यात आलं. त्यातले दोन तृतीयांश लोक जन्मानं अमेरिकन नागरिक होते. हाताला येईल तेवढं सामान घ्यायचं, बाकी मिळेल त्या भावाला विकायचं. लॉस एंजेलिसच्या कितीतरी कुटुंबांना सांता अनिताच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं होतं. लिटल टोकियो ओस पडलं. दक्षिणेकडून कामासाठी आलेले कृष्णवर्णीय लोक त्या रिकाम्या खोल्यांत राहू लागले आणि काही वर्षं त्या वस्तीचं नावच ‘ब्रॉन्झव्हिल’ पडलं. या अन्यायाबद्दल अमेरिकन सरकारनं माफी मागितली ती १९८८ मध्ये, हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर देऊन. तोवर छावणीतून परतलेली एक पिढी म्हातारी झाली होती.

तर युद्धानंतर परतलेल्या लोकांनी वस्ती पुन्हा उभी केली, पण आपलं जपानीपण ते आता जरा दबकूनच मिरवत. जपानी रेस्टॉरंटमध्ये बाहेरच्या गिऱ्हाइकाला मिळायचं ते तेरियाकी, तेम्पुरा, सुकियाकी, म्हणजे भाजलेलं, तळलेलं आणि उकळलेलं. कच्चा मासा गोऱ्या माणसापुढे ठेवायची छाती कुणाची होणार?

ती झाली नोरितोशी कनाई यांची. खरं म्हणजे त्यांचीही नव्हे, त्यांच्या भागीदाराची. लॉस एंजेलिसमधल्या ‘म्युच्युअल ट्रेडिंग’ या जुन्या आयात कंपनीचं काम कनाई पाहत. सोया सॉस, समुद्री शेवाळ, तांदूळ असा जपानी किराणा आणायचा. पण जपानी वस्तीला किराणा पुरवून धंदा किती वाढणार? अमेरिकन माणसाला विकता येईल असं काहीतरी शोधायला कनाई आणि हॅरी वुल्फ नावाचे त्यांचे अमेरिकन भागीदार जपानच्या वाऱ्या करत. नाना वस्तू आणून पाहिल्या. एक बिस्किट बऱ्यापैकी खपलं, तर लगेच दुसऱ्यांनी त्याची नक्कल केली. अशाच एका वारीत कनाई वुल्फना टोकियोच्या एका सुशीच्या दुकानात घेऊन गेले. वुल्फना ती इतकी आवडली, की मुक्काम संपेपर्यंत रोज त्यांची एकच मागणी, सुशी. कनाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. हिची नक्कल कोण करील? ही तर दहा वर्षं उमेदवारी केलेल्या माणसाच्या हातातच असते!

त्यांनी लिटल टोकियोतल्या ‘कावाफुकु’ रेस्टॉरंटच्या मालकाला गळ घातली आणि १९६६ च्या सुमारास तिथे सुशीचा खास काउंटर उभा राहिला. काचेची थंड पेटी, तिच्यात मांडलेले मासे आणि पलीकडे जपानहून आलेले शिगेओ साइतो. कावाफुकुच्या त्या काउंटरला अमेरिकेतला पहिला खरा सुशी बार मानतात. पहिली गिऱ्हाइकं जपानी कंपन्यांचे अधिकारी. घरापासून दूर, महिनोन्‌महिने सुशीवाचून उपाशी! ते हळूहळू आपल्या अमेरिकन सहकाऱ्यांना सोबत आणू लागले. साहेबानं आग्रह केल्यावर नाही कसं म्हणणार? पहिला घास डोळे मिटून, दुसरा उघड्या डोळ्यांनी आणि तिसरा मागून!

वेळही बरी जुळून आली होती. १९६५ मध्ये अमेरिकेनं आपला परदेशी लोकांना प्रवेश देण्याचा कायदा बदलला आणि आशियातल्या लोकांवरची जाचक बंधनं उठली. (याच कायद्याच्या दारातून पुढे आपले मराठी डॉक्टर आणि इंजिनीअर अमेरिकेला गेले.) टोकियोत गुरूच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबणाऱ्या तरुणांच्या कानावर येऊ लागलं, की तिकडे पलीकडे कारागीर हवे आहेत आणि पैसा चांगला मिळतो. शिवाय तिकडे पदोपदी डोळे वटारणारा गुरू नाही!

कावाफुकुपाठोपाठ ‘टोकियो काइकान’ या मोठ्या रेस्टॉरंटनंही सुशीचा काउंटर थाटला. तिथे होते इचिरो माशिता आणि त्यांचे मदतनीस तेरुओ इमाइझुमी. त्यांच्यापुढे एक अडचण होती. जपानी गिऱ्हाइकाला सगळ्यात प्रिय काय, तर ट्यूना माशाच्या पोटाचा चरबीदार भाग. तो तिथे ठरावीक हंगामातच मिळायचा. बाकीचे महिने काय करायचं? कॅलिफोर्नियात अव्होकाडो मात्र उदंड. लोण्यासारखं मऊ, स्निग्ध फळ. माशितांनी अव्होकाडोबरोबर खेकड्याचं मांस घेतलं, भातात घालून शेवाळाच्या पत्रात गुंडाळलं. चरबीदार माशाची आठवण यावी एवढं ते जमलं. हाच तो जगप्रसिद्ध ‘कॅलिफोर्निया रोल’! पुढे लक्षात आलं, की अमेरिकन गिऱ्हाइकं वरचं काळं शेवाळ कागदासारखं सोलून बाजूला ठेवतात. मग गुंडाळी उलटी करण्यात आली. भात बाहेर, शेवाळ आत. दिसतही नाही आणि सोलताही येत नाही! कॅनडातल्या व्हॅंकुव्हर शहरातले हिदेकाझु तोजो हे शेफही या रोलवर आपला हक्क सांगतात आणि त्यांचंही म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण ज्या फळानं तो घडला ते लॉस एंजेलिसच्या परसातलं, हे ध्यानात घेतलं तर पारडं माशितांकडे झुकतं. जपानमधल्या जुन्या कारागिरांनी मात्र या रोलला बरीच वर्षं सुशी मानलंच नाही.

१९७० मध्ये सुशी लिटल टोकियोची वेस ओलांडून हॉलिवूडकडे निघाली. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स स्टुडिओच्या शेजारी ‘ओशो’ नावाचं दुकान निघालं. (पुण्याच्या कोरेगाव पार्कशी याचा काडीचाही संबंध नाही, रजनीशांनी ते नाव घेतलं १९८९ मध्ये!) टक्कल केलेला रुबाबदार नट युल ब्रायनर तिथे दुपारच्या जेवणाला नेमानं यायचा. नट जे खातो ते इतरांनाही खावंसं वाटतं, हा नियम जगभर सारखाच. त्यात १९७७ मध्ये अमेरिकन सिनेटच्या एका समितीनं लोकांना सांगितलं, की चरबी कमी करा, मांसाऐवजी मासे खा. १९८० मध्ये जपानवरची ‘शोगुन’ ही मालिका टीव्हीवर गाजली. आणि बघता बघता कच्चा मासा खाणं हे शिकल्यासवरल्याचं लक्षण ठरलं.

याच सुमारास, १९७७ मध्ये, एक फाटका माणूस लॉस एंजेलिसला उतरला. त्याचं नाव नोबुयुकी मात्सुहिसा.

त्यांचा जन्म १९४९ चा, टोकियोजवळच्या साइतामाचा. वडील लाकडाचे व्यापारी. नोबु लहान असतानाच ते रस्त्यावरच्या अपघातात गेले. थोरल्या भावानं एकदा त्यांना सुशीच्या दुकानात नेलं. दार सरकवताच आतून आलेला स्वागताचा खणखणीत आवाज, शिरक्याचा वास, काउंटरमागची ती झपाझप चालणारी बोटं... पोरानं तिथेच ठरवलं, आपण हेच करायचं. शाळा संपल्यावर टोकियोच्या शिंजुकु भागातल्या ‘मात्सुएई’ या दुकानात त्यांनी उमेदवारी धरली. सात वर्षं. अर्थात सुरुवात भांडी घासण्यापासून.

तिथे येणाऱ्या एका गिऱ्हाइकानं त्यांना विचारलं, ‘पेरूला येतोस?’ दक्षिण अमेरिकेतल्या पेरूमध्ये जपानी वंशाचे पुष्कळ लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतात, हे गिऱ्हाईक त्यांच्यातलंच. १९७३ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, नोबु पत्नीला घेऊन राजधानी लिमाला गेले आणि तिथे रेस्टॉरंट काढलं. नाव? ‘मात्सुएई’! गुरूच्या दुकानाचा पडदा समुद्रापार टांगला गेला. पेरूचे लोकही कच्चा मासा खातात, पण लिंबू, मिरची आणि कोथिंबीर लावून. नोबुंना ही चव नवी होती. ती त्यांनी मनात साठवून ठेवली. पण भागीदारानं, मासळीवर एवढा खर्च कशाला, स्वस्तातली आणा, असा धोशा लावला, तेव्हा त्यांनी तीन वर्षांत गाशा गुंडाळला. मग अर्जेंटिना. तिथेही जम बसेना. परत जपान. मग अलास्कातलं अँकरेज. तिथे कर्ज काढून, स्वतः हातोडी घेऊन राबून त्यांनी रेस्टॉरंट उभं केलं. उघडून दोन महिनेही झाले नव्हते. थॅंक्सगिव्हिंगच्या सणाची पहिलीच सुट्टी घेऊन नोबु मित्राकडे जेवायला गेले असताना फोन आला, रेस्टॉरंटला आग लागली आहे. धावत गेले तर ज्वाळा छतातून बाहेर पडत होत्या. विमा नव्हता. त्या दिवसांत जीव देण्याचे विचार मनात येत होते, असं त्यांनी स्वतःच पुढे सांगितलं आहे. बायकोनं आणि दोन लहान मुलींनी त्यांना धरून ठेवलं.

कुटुंबाला जपानला ठेवून ते लॉस एंजेलिसला आले ते नोकर म्हणून. दहा वर्षं दुसऱ्यांच्या काउंटरमागे मुटके वळले, अलास्कातलं कर्ज फेडलं. आणि १९८७ मध्ये बेव्हर्ली हिल्सच्या ला सिएनेगा रस्त्यावर स्वतःचं छोटंसं रेस्टॉरंट काढलं, ‘मात्सुहिसा’. या वेळी गुरूचं नाव नाही, स्वतःचं. इथे त्यांनी लिमात साठवलेली चव बाहेर काढली. जपानी मासा, पेरूची मिरची, लिंबू, कोथिंबीर. एकदा एका बाईनं कच्च्या माशाची बशी तशीच परत पाठवली. आपण हे खात नाही! एवढा सुरेख कापलेला मासा फेकायचा? नोबुंची नजर चुलीवर तापत असलेल्या ऑलिव्ह तेलाच्या पॅनकडे गेली. त्यांनी ते कडकडीत तेल माशावर ओतलं. चर्र... वरून मासा जरासा शिजला, आत कच्चाच राहिला. बाईंनी बशी चाटूनपुसून संपवली. आपल्याकडे कोशिंबिरीवर फोडणी ओततात, त्यातलाच हा प्रकार! हा पदार्थ पुढे ‘न्यू स्टाइल साशिमी’ म्हणून जगभर गाजला.

नट रॉबर्ट डी निरो १९८८ मध्ये पहिल्यांदा तिथे जेवला आणि त्यानं नोबुंना न्यूयॉर्कला यायची गळ घातली. नोबु जाऊन जागा पाहून आले आणि नम्रपणे नाही म्हणाले. पेरूत भागीदारीचा चटका बसलेला, अलास्कात आगीचा. बेव्हर्ली हिल्सचं दुकान अजून धड उभं राहायचं होतं. डी निरोनं आग्रह धरला नाही. तो वाट पाहत राहिला. चार वर्षांनी त्याचा पुन्हा फोन आला. एवढी वर्षं थांबलेल्या माणसावर विश्वास ठेवायला हरकत नाही, असं नोबुंना वाटलं आणि १९९४ मध्ये न्यूयॉर्कला ‘नोबु’ सुरू झालं. आज त्या नावाची रेस्टॉरंट्स आणि हॉटेलं जगभर आहेत.

नोबुंनी घराण्यात बाहेरच्या चवी आणल्या, तर मासायोशी ताकायामा यांनी नेमकं उलट केलं. ते टोकियोच्या गिंझा भागातल्या, १८८५ पासून चालत आलेल्या ‘सुशिको’ दुकानाचे शिष्य. लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी १९८७ मध्ये जे दुकान काढलं त्याचं नाव ‘गिंझा सुशिको’. साध्याशा दुकानांच्या रांगेत, मोजक्या खुर्च्या, मासा थेट टोकियोच्या बाजारातून विमानानं आलेला, आणि दर डोळे पांढरे करणारे. मेनूकार्ड नाहीच. शेफ देईल ते खायचं. जपानीत याला ‘ओमाकासे’ म्हणतात, म्हणजे ‘तुमच्यावर सोपवलं’. २००४ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले तेव्हा बेव्हर्ली हिल्समधलं दुकान त्यांनी आपले मदतनीस हिरोयुकी उरासावा यांच्या हाती दिलं. न्यूयॉर्कच्या ‘मासा’ला २००८ मध्ये मिशेलिनचे तीन तारे मिळाले, अमेरिकेतल्या सुशीला मिळालेले हे पहिलेच.

आणि काझुनोरी नोझावा! हा या शहराचा आवडता जमदग्नी. स्टुडिओ सिटीतल्या त्यांच्या दुकानात पाटी होती, ‘ट्रस्ट मी’. माझ्यावर विश्वास ठेवा. कॅलिफोर्निया रोल मागितला की मान हलायची, हुज्जत घातली की बाहेरची वाट. तरी लोक रांगा लावत, कारण नोझावांचा भात कोमट असायचा, अंगाच्या उबेइतका, वर मासा गार आणि मुटका तोंडात ठेवताच सुटा व्हायचा. १९८७ पासून चाललेलं ते दुकान २०१२ मध्ये बंद झालं. पण त्याआधी २००८ मध्येच कुटुंबानं ‘शुगरफिश’ नावाची साखळी सुरू केली होती. तोच कोमट भात, पण माफक दरात आणि ओरडा न खाता.

इथे एक प्रश्न उभा राहतो. दहा वर्षांची उमेदवारी धरायला अमेरिकेत माणसं आणायची कुठून? १९९८ मध्ये तोशी सुगिउरा यांनी लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागात ‘कॅलिफोर्निया सुशी अकॅडमी’ काढली. काही आठवड्यांचा अभ्यासक्रम, फी भरा, वही-पेन घ्या, सुरी धरायला शिका. जुन्या लोकांनी कपाळाला हात लावला. बारा आठवड्यांत भातसुद्धा येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. पण या वर्गांचे दरवाजे गोऱ्या, काळ्या, कोरियन, मेक्सिकन सगळ्यांना आणि मुख्य म्हणजे मुलींना उघडे होते. गुरूच्या दुकानाचे तसे नव्हते. शहरातल्या अनेक सुशी-काउंटरमागे आज मेक्सिकोतून आलेली मंडळी दिसतात, त्यांतले कितीतरी जण भांडी घासण्यापासूनच वर आलेले. म्हणजे जुन्या पद्धतीची उमेदवारी त्यांनीच खऱ्या अर्थानं केली, फक्त तिला कुणी उमेदवारी म्हटलं नाही.

बायकांच्या बाबतीत तर अडवणूक फारच मजेशीर. काय, तर बायकांचे हात उबदार असतात, त्यानं मासा बिघडतो! ज्या देशात घरोघरी बायकाच भात रांधतात तिथला हा शोध. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या निकी नाकायामा यांनी ताकाओ इझुमिदा यांच्या हाताखाली शिकायला सुरुवात केली. इझुमिदा पूर्वी ‘मात्सुहिसा’मध्ये होते. म्हणजे निकी या नोबुंच्या नातशिष्या! २००० मध्ये त्यांनी ‘अझामी’ हे सुशीचं रेस्टॉरंट काढलं, त्यात काउंटरमागे सगळ्या बायकाच. काही गिऱ्हाइकं आत येत, तरुण मुलीला सुरी घेऊन उभी पाहत आणि ‘शेफ कुठे आहेत?’ विचारत. २०११ मध्ये निकींनी ‘एन/नाका’ हे नवं रेस्टॉरंट काढताना स्वयंपाकघर जेवणाऱ्यांच्या नजरेआड ठेवलं. आधी चव घ्या, मग ठरवा कुणाच्या हातची ती! तिथे सुशीपेक्षा मोठा, जपानी पद्धतीच्या अनेक पदार्थांचा बेत असतो. २०१९ मध्ये त्याला मिशेलिनचे दोन तारे मिळाले.

हातांवरून आणखी एक लढाई झाली. १ जानेवारी २०१४ पासून कॅलिफोर्नियात कायदा आला, की शिजवल्याशिवाय वाढायच्या पदार्थाला उघडा हात लावायचा नाही, हातमोजे घाला. सुशीचे कारागीर हवालदिल झाले. भाताची ऊब, माशाचा ओलावा, मुटक्याचा दाब, सगळं बोटांना कळतं. रबराला काय कळणार? आरडाओरडा इतका झाला, की जूनमध्ये ती तरतूद रद्द करावी लागली. आरोग्य खात्याची काळजी चुकीची होती असं नाही. मासा किडींपासून सुरक्षित राहावा म्हणून बहुतेक जाती आधी खोल गोठवून ठेवण्याचा नियम आहेच आणि त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही.

खरी तक्रार करायची तर ती दुसऱ्या गोष्टीची आहे. ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ म्हणणाऱ्यावर खरंच विश्वास ठेवावा का? लॉस एंजेलिसमधल्या दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१२ ते २०१५ या काळात शहरातल्या २६ सुशी रेस्टॉरंट्समधले मासे गुपचूप आणून त्यांची डीएनए तपासणी केली. ४७ टक्के नमुन्यांत नाव एका माशाचं, मासा दुसराच! ‘रेड स्नॅपर’ म्हणून दिलेला मासा तर एकदाही रेड स्नॅपर निघाला नाही. ब्लूफिन ट्यूना मात्र दर वेळी खरा. यात दोष काउंटरमागच्या कारागिराचा की माल पुरवणाऱ्याचा, हे तपासणीतून ठरत नाही. पण पूर्वीचा उमेदवार पहाटे गुरूबरोबर बाजारात जाऊन माशाचे डोळे आणि कल्ले पाहायला शिकायचा. सोललेला, पाकिटात बंद केलेला गुलाबी तुकडाच हातात येत असेल, तर त्यानं पाहायचं काय?

कनाई २०१७ मध्ये वारले. कावाफुकु आणि टोकियो काइकान ही दोन्ही नावं त्याआधीच इतिहासजमा झाली होती. लिटल टोकियो आहे, पण २०२४ मध्ये अमेरिकेतल्या सर्वांत धोक्यात असलेल्या अकरा ऐतिहासिक स्थळांच्या यादीत त्याचं नाव आलं. कारण साधं, वाढती भाडी. युद्धात जी वस्ती एका हुकमानं रिकामी झाली, तिला आता जागामालकांच्या नोटिसांची धास्ती आहे. १९७२ पासून फर्स्ट स्ट्रीटवर चाललेल्या एका उपाहारगृहाला त्याच वर्षी तिथून उठावं लागलं.

आणि या घराण्याची एक शाखा मुंबईतही आहे. न्यूयॉर्कच्या ‘नोबु’मध्ये १९९४ साली हिरोशिमाचे मासाहारू मोरिमोतो दाखल झाले. खांदा दुखावल्यामुळे बेसबॉल सोडून सुशीकडे वळलेला हा माणूस पुढे ‘आयर्न शेफ’ या टीव्ही कार्यक्रमामुळे घराघरांत पोचला. २००४ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्यांच्या नावानं ‘वसाबी बाय मोरिमोतो’ सुरू झालं. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात तेही होरपळलं आणि नंतर पुन्हा उभं राहिलं. वसाबी म्हणजे सुशीबरोबरचा तो हिरवा तिखट गोळा, फेसलेल्या मोहरीसारखा थेट नाकात जाणारा. तेवढी एक गोष्ट आपल्याला शिकवावी लागत नाही.

बाकी मुंबईनं मात्र सुशीला स्वतःचं वळण दिलं. माशितांना हवा तो मासा मिळेना म्हणून त्यांनी भातात अव्होकाडो घातला. मुंबईत दारात समुद्र आहे, हवा तो मासा विमानानंही येतो, आणि टेबलावरचं कुटुंब विचारतं, ‘यात व्हेज काय काय आहे?’